तळराणीच्या महालातली मुलगी

शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. कवळ्या बनवायच्या, तुटलेल्या जोडायच्या, कुणाचा एखादाच पडलेला दात शेजारच्या दातांच्या रंगाशी जुळवून घडवायचा, हे ती सव्वीस वर्षं करत आली होती. दातांच्या डॉक्टरांकडून मापांचे साचे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेण लावायची, घासायची. ज्याची कवळी करायची तो माणूस तिला कधी दिसायचा नाही. पण रस्त्यात कुणी तोंडभर हसलं की ती चालता चालता थबकायची. "हे माझं," असं नवऱ्याच्या कानात सांगायची. नवरा म्हणायचा, "हळू बोल, परत मागायला आलीस असं वाटेल त्यांना."

नवरा जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. अबोल माणूस. लग्नानंतर पहिली बारा वर्षं तिला वाटायचं, आपलं काहीतरी चुकतंय म्हणून हा बोलत नाही. मग एका रविवारी दुपारी त्याचे तीन मित्र घरी आले, मागच्या खोलीचं दार बंद झालं, आणि आतून जे ऐकू आलं ते ऐकून तिने तोंडात बोट घातलं. हाच माणूस आत गरजत होता, कुजबुजत होता, खदाखदा हसत होता.

तो एक खेळ होता. पटावर कमी आणि तोंडाने जास्त खेळायचा. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपलं माणूस काय करणार ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. मित्रांत एक गणिताचे मास्तर, एक औषधवाला आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारी बाई. तिला सगळे लिफ्टवालीच म्हणायचे. सूत्रधार कायम नवराच. त्याने रचलेल्या त्या जगावर चार अधिपतींची सत्ता होती. आगीचा विस्तवराजा, मातीचा पाषाणराजा, वाऱ्याची सम्राज्ञी आणि पाण्याची तळराणी. त्यांच्या मनात आलं तर डोंगर वितळायचे, शहरं उडून जायची. चौघांचे चार आवाज नवरा एकटा काढायचा.

तिला खेळात रस नव्हता, पण अधिपतींच्या बोटभर मूर्ती तिनेच केल्या. विस्तवराजा लाल मेणाचा, पाषाणराजा प्लास्टरचा, सम्राज्ञी पातळ तारेची. तळराणीसाठी तिने पारदर्शक ॲक्रिलिक घेतलं. साच्यातून काढली तेव्हा राणीच्या छातीत हवेचा एक बुडबुडा अडकलेला दिसला.

"दोष राहिलाय हो," ती म्हणाली. "उद्या दुसरी करते."

त्याने मूर्ती उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिला. "नको," म्हणाला. "राहू दे तो. आत कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखं वाटतंय."

तिला ते बोलणं आवडलं नाही, पण नवरा कौतुक करतोय एवढंच तिने मनाला सांगितलं.

आणखी एक गोष्ट तिला खटकायची. दर रविवारी खेळ सुरू झाला की सासूबाई आपली खुर्ची उचलून त्या बंद दाराशी नेऊन ठेवायच्या आणि खेळ संपेपर्यंत हलायच्या नाहीत. हातात काही काम नाही, डोळे मिटलेले. सुरुवातीला तिला वाटलं, म्हातारी पोरावर पाळत ठेवतेय. एकदा तिने विचारलंही, "आई, इथे वारा लागतो, आत पडा ना जरा." सासूबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. इतक्या घाईने, की ती परत त्या वाटेला गेली नाही.

नवरा गेला तो कचेरीतच. नकाशाच्या टेबलावर डोकं टेकलं ते टेकलंच. वय बावन्न. हातातली पेन्सिलसुद्धा पडली नव्हती, असं शिपायाने सांगितलं.

पुढचे रविवार कसे काढायचे ते घरात कुणालाच कळेना. तिने मागच्या खोलीला कडी घातली. तरी दुपारचे तीन वाजले की सासूबाई खुर्ची उचलायच्या आणि त्या दाराशी जाऊन बसायच्या. आत माणूस नाही, आवाज नाही, आणि म्हातारी कान देऊन बसलेली. ती स्वयंपाकघरात उभी राहून बघायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा. कारण सासूबाई नुसत्या बसायच्या नाहीत. मधूनच मान हलवायच्या. एकदा तर हसल्या.

पाचव्या रविवारी मास्तर, औषधवाला आणि लिफ्टवाली आले. बाहेरच्या खोलीत अवघडून बसले.

"वहिनी, बोलायला जीभ रेटत नाही," औषधवाला म्हणाला. "पण खेळ अर्ध्यावर राहिलाय. अकरा वर्षं चाललेला. बाकीचे तीन अधिपती आम्ही वळवले. तळराणी तेवढी राहिली."

"त्याच्या वह्या असतील," मास्तर म्हणाले. "तुम्ही वाचून दाखवल्या तरी चालेल. आम्हाला फक्त शेवट करायचाय."

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "तुम्हीच न्या वह्या. एकदाचं घेऊन जा सगळं."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "वह्या घराबाहेर जाणार नाहीत."

मित्र गेल्यावर सासूबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेकडे कधी काही मागितलं नव्हतं. "अगं," त्या म्हणाल्या, "तू तो खेळ घे. ती पुन्हा गप्प झालीय."

"कोण आई?"

सासूबाई उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिने कामावर सुट्टी टाकली, कडी काढली आणि वह्या उघडल्या. सतरा वह्या होत्या. अक्षर नकाशावरच्या अक्षरासारखं, सरळ, बारीक. विस्तवराजाचं, पाषाणराजाचं, सम्राज्ञीचं सगळं झटपट उरकलेलं. तळराणीवर मात्र नऊ वह्या. पाण्याच्या तळाशी तिचा महाल, त्या महालात एक पाच वर्षांची मुलगी. राणीने तिला ठेवून घेतलेली. मुलीला 'र' म्हणता येत नाही, 'र'चा 'ल' करते. समासात सूचना होत्या. 'इथे ती बोलेल. घाई करायची नाही.' 'तिला थंडी वाजत नाही, हे आधी सांगायचं.'

खेळणाऱ्यांनी मुलीला वर आणायचा चार वेळा प्रयत्न केला होता. चारही वेळा पडलेला फासा वहीत नोंदलेला. एकोणीस, अठरा, सतरा, पुन्हा एकोणीस. म्हणजे चारही वेळा ते जिंकले होते. आणि चारही वेळा त्याने काहीतरी खोटंनाटं सांगून मुलीला खालीच ठेवलं होतं. मूठ सुटली. वाट बंद झाली. मुलगीच ओळखू आली नाही. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ होती. 'पुढल्या रविवारी परत विचारतील. मी काय सांगू?'

नवऱ्याला एक धाकटी बहीण होती, लहानपणी तापाने गेली, एवढं तिला माहीत होतं. वही तशीच उघडी घेऊन ती सासूबाईंकडे गेली.

"आई, वन्सं तापाने गेल्या ना?"

सासूबाईंनी वहीकडे पाहिलंही नाही. "ताप लोकांना सांगायला होता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि अगदी सपाट आवाजात. घराजवळ दगडाची जुनी खाण होती, पाण्याने भरलेली. तो अकरा वर्षांचा, ती पाच. हात सोडू नको, असं बजावून त्यांनी दोघांना धाडलं होतं, मावशीकडे निरोप द्यायला. जवळच्या वाटेने गेली पोरं. तो एकटा परत आला. ओला नव्हता. पाण्यात उतरलाच नव्हता तो. दारात उभा राहिला आणि दोन दिवस बोलला नाही.

"लोकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं असतं गं. जन्मभर. म्हणून आम्ही ते घर सोडलं, इथे आलो, ताप सांगितला. त्याला कधी विचारलं नाही काय झालं ते. त्यानेही सांगितलं नाही. मग अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्या दारावरून जात होते आणि आतून माझी पोर बोलली. 'दलवाजा उघडा,' म्हणाली. हातातलं पातेलं पडलं माझ्या. तूच येऊन उचललंस. आठवतंय?"

तिला आठवत होतं. म्हातारीचे हात आता थरथरतात, असं ती तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती.

"त्याला ठाऊक होतं का, तुम्ही दाराशी बसता ते?"

"ठाऊक असणारच. खुर्चीचा पाय वाजायचा ना माझ्या."

त्या रात्री तिला नवऱ्याचा राग आला. तेवीस वर्षं एका ताटात जेवलो आणि या माणसाने आपली सगळी भाषा त्या बंद खोलीसाठी राखून ठेवली. पण राग टिकेना. जिच्या छातीत बुडबुडा राहू दिला ती मूर्ती आता तिच्याच उशाशी होती.

रविवारी तिने तिघांना बोलावलं. सासूबाईंची खुर्ची तिने स्वतः उचलली आणि दाराशी न ठेवता आत, टेबलाशेजारी ठेवली. म्हातारी उंबऱ्यावर अडली. "आत?" "आत," ती म्हणाली.

खेळ धड सुरू होईना. तिला सूत्रधारासारखं बोलता येत नव्हतं. वही वाचताना ती सारखी अडखळत होती. पण तिघांनी सांभाळून घेतलं. लिफ्टवाली म्हणाली, "वहिनी, भाऊंसारखं नको. तुम्ही कवळी कशी करता ते सांगताना बोलता, तसं बोला." मग जरा जमलं. तिघं पाण्याच्या तळाशी पोचले. महालाचं दार आलं. तळराणीने विचारलं, काय हवंय. मास्तरांनी दरवेळी विचारायचे तेच विचारलं. "ती मुलगी आमच्याबरोबर पाठव."

राणीने मुलीलाच विचारावं, असं वहीत होतं. आता मुलीच्या आवाजात तिला बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. 'र'चा 'ल' करणं काही अवघड नव्हतं. पण ते तिचं नव्हतं. समोरची तिघं थांबून राहिली. कुणाचंतरी बोट फाशावर होतं.

"मी येईन वल," शेजारून आवाज आला.

कुणी मान वळवली नाही. आवाज लहान मुलीचा होता. त्यात म्हातारपणाची खरखर होती, आणि तरी तो लहान मुलीचाच होता.

"दादाला लागवू नका," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "त्याने हात नाही सोडला. मीच सोडवला. मला चंदेली मासा दिसला पाण्यात. तो ओलडत होता, पण मी गेले."

औषधवाल्याने फाशावरचं बोट काढून घेतलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तरी त्याला सगळं कळलं असं वाटलं. मास्तरांनी हळूच विचारलं, "वहिनी, फासा टाकू?"

"टाका," ती म्हणाली. "या वेळी जो पडेल तो."

सतरा पडला. तिने वही मिटली आणि स्वतःच्या शब्दांत सांगितलं, की तळराणीने दार उघडलं, तिघांनी मुलीला मधे घेतलं, पाणी वर वर उजळत गेलं आणि ती काठावर आली. पुढे काय सांगायचं ते तिला सुचलं नाही. लिफ्टवालीने सासूबाईंना पाणी आणून दिलं.

सगळे गेल्यावर ती खुर्चीपाशी खाली बसली. "आई, खरंच तसं झालं होतं? मासा वगैरे?"

"मला काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. "मी घरी होते."

तेव्हापासून रविवारी दाराशी कुणी बसत नाही. खेळही थांबला. मास्तर आणि ते दोघं अधूनमधून येतात, चौकशी करून जातात. पण घर शांत झालंय असं तिला म्हणता येत नाही. सासूबाई बोलू लागल्या आहेत. ती संध्याकाळी घरी आणलेलं काम घासत बसली, की त्या शेजारी येऊन मुलीच्या गोष्टी सांगतात. पहिल्यांदा सांगितल्या त्या चार-पाच वर्षांच्या पोरीच्या होत्या. लपून माती खायची, मांजराला टोपडं घालायची. ती ऐकत राहिली, बरं वाटलं. मग एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "शाळेत घातली ना, तेव्हा गणितात फार कच्ची." तिचा हात घासता घासता थांबला. पाच वर्षांची गेलेली पोर कुठल्या शाळेत गेली? पण म्हातारीचा चेहरा इतका निवांत होता की तिच्याने विचारवेना.

पुढे मुलगी दहावी झाली. दोन वेण्यांची एक झाली. कुठल्याशा ऑफिसात लागली, साहेबाशी भांडली, सोडून आली. 'र' मात्र आलाच नाही तिला, त्यावरून तिचा नवरा चिडवतो म्हणे. सासूबाईंचं डोकं बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत आहे. गोळ्यांच्या वेळा त्या चुकत नाहीत, शेजारणीचा निरोप विसरत नाहीत. डॉक्टरांकडे न्यावं असं तिच्या मनात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा ती गेली नाही.

परवा सासूबाई लवकर झोपल्या. काही सांगितलं नाही. ती कवळी हातात धरून बसली होती, आणि घर इतकं रिकामं वाटलं की तिला राहवेना. उठून त्यांच्या खोलीच्या दाराशी गेली.

"आई," तिने विचारलं, "वन्सं आता कितीच्या हो?"

"सेहेचाळीसच्या," अंधारातून उत्तर आलं. "परवाच चष्मा लागला. तुझी आठवण काढत होती."