पासवर्ड वंदनाला कोणी दिला?

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या युनियनच्या फेसबुक पेजवर विरोधी गटाच्या वंदनाचा फोटो झळकला, तोही निवडणूक तोंडावर असताना. "पेज हॅक केलं, पोलिसांत चला," म्हणत आमचा गट लोहाऱ्यात कारखान्याच्या गेटवर जमला.

पासवर्ड फक्त मला आणि आमच्याच गटातल्या रेखाला ठाऊक. मी तिच्याकडे पाहिलं.

"हॅक नाही ताई, म्याच देल्ला."

"काहून?"

"मी दवाखान्यात होती तं वंदना रोज डबा घेऊन ये. तुम्ही फोन केला, तं मिटिंगले कधी येतं एवढंच विचारलं."

पोलिसांत जाणं मी थांबवलं आणि पासवर्ड बदलला. अध्यक्ष मी आहे, तरी दिवसभर वंदनाचाच हेवा वाटतोय. तिच्या गटातली एक तरी बाई मला असा पासवर्ड देईल का?