दादाचा हवाई तळ

आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत आहे. काकीला एका कानानं कमी ऐकू येतं हे एक कारण, आणि दादाचा फोन आला की सगळ्यांनाच तो ऐकायचा असायचा हे दुसरं. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, काकीचा एकुलता एक मुलगा. बारावी झाल्याझाल्या तो हवाई दलात लागला. काम काय विचारलं तर "मेकॅनिक हाय" एवढंच सांगायचा, आणि कुठं असतोस विचारलं तर "हाय की, लांब."

आमच्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. प्रत्येक गल्लीत एक तरी फौजी आहे. सुट्टीवर आलेल्या माणसाला पोस्टिंग कुठं हे एकदा विचारायचं, तो बोलला नाही की "ऊस कवा तुटायचाय?" यावर यायचं, अशी रीतच होती. काकीनंही कधी खोदून विचारलं नाही. तिचे प्रश्न ठरलेले. जेवलास का, थंडी हाय का, आणि शेवटी, "अंधार पडला का रं तिकडं?"

"कवाच पडलाय, आई."

काकी मान डोलवायची आणि देवापुढं दिवा लावायला उठायची. आमच्या अंगणात तेव्हा अजून ऊन असायचं. मुलगा अंधारात आणि आपण उजेडात, हे तिला बरं वाटत नसावं. फोन झाला की ती उन्हातच दिवा लावायची.

मी सांगलीच्या कॉलेजात बीएस्सीला गेलो तो दादामुळं. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मला कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपला चिकटवायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. दादानं सुट्टीवर असताना वडिलांशी वाद घातला, आणि स्वतः माझ्याबरोबर प्रवेशाच्या रांगेत उभा राहिला. आज माझ्याजवळ जे काही आहे त्याची सुरुवात त्या रांगेपासून होते.

कॉलेजात मला दोन मित्र मिळाले आणि त्यांच्याबरोबर एक वेड मिळालं. एक मित्र जैन शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्याकडं मामानं दिलेली दुर्बीण होती. दुसरा संध्याकाळी कुपवाडमधल्या एका दुकानात फ्लेक्स डिझाइन करायचा. आम्हाला विमानांचा नाद होता, आणि त्यातही लष्कराच्या विमानांचा. वरून जाणाऱ्या विमानाचं नाव सांगणारं ॲप फोनवर होतंच. पण आमचा नियम असा की ॲपवर दिसतं ते सगळ्यांचं. ज्याचा आवाज येतो पण ॲपवर पत्ता नसतो, ते आमचं!

असं एखादं गेलं की पुढचा आठवडा वादात जायचा. उपग्रहाच्या नकाशावर आम्ही धावपट्ट्या शोधायचो, डोंगराच्या पोटात शिरून संपणारे रस्ते शोधायचो, मुद्दाम पुसट केलेले चौकोन शोधायचो. एकदा कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं की पाटणच्या बाजूला लढाऊ विमानं फार खालून जातात. तेवढ्यावर आम्ही तिघं एका मोटारसायकलवरून पाटणच्या वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, जाऊन बसलो. दिवसभर पवनचक्क्यांचा घुं घुं आवाज ऐकला. दुर्बीणवाल्याला लांबवर एक पांढरा घुमट दिसला आणि त्याचा आवाज बदलला.

"रडार हाय, गड्या. शप्पत."

जवळ गेलो तर पाण्याची टाकी. फ्लेक्सवाला म्हणाला, "लय गुप्त टाकी हाय, फोटो काढू नगंस." परतीच्या वाटेवर आम्ही हसून हसून दोनदा गाडी थांबवली.

एका संध्याकाळी हे दोघे आमच्या घरी चहाला आले असताना दादाचा फोन आला. काकीनं अंधाराचं विचारलं, दादानं नेहमीचं उत्तर दिलं. फ्लेक्सवाल्यानं घड्याळाकडं पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुझा दादा पार पूर्वेला हाय की रं."

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मग आम्हाला चेवच आला. सूर्य कुठं किती लवकर मावळतो ते काढलं. फोनमागं पत्र्यावर वाजणारा पाऊस ऐकला. दादा काकीसाठी कुठली चहापत्ती आणतो ते डब्यावर पाहिलं. शेवटी नकाशावर नदीकाठची एक धावपट्टी उरली. त्या जागेचं नाव मी इथंही लिहिणार नाही. पण त्या दिवसापासून मी रोज झोपण्याआधी फोनवर ती धावपट्टी बघायचो. तिथलं एक लांबट छप्पर मी मनात दादाचं ठरवलं होतं. वर्षातून एकदा दिसणारा माणूस रोज दिसल्यासारखं वाटायचं. ते दिवस मला अजून फार गोड वाटतात.

पुढच्या सुट्टीआधी दादाला बढती मिळाली. आमच्याकडं बढती म्हणजे फ्लेक्स आलाच. फोटो मी दिला, मजकूर फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या मनानं केला. दादाला आणायला मी सकाळी मिरज स्टेशनवर गेलो. त्याला मागं बसवून गावच्या कमानीजवळ आलो आणि ब्रेकच दाबला.

कमानीएवढा फ्लेक्स होता. मागं झेपावणारी दोन विमानं, मध्ये दादा, आणि वर लाल अक्षरात, 'देशाच्या गुप्त कामगिरीवर असलेले गावचे सुपुत्र'. त्याखाली तळाचं नाव, जिल्ह्यासकट. सगळ्यात खाली शुभेच्छुक म्हणून आम्हा तिघांचे गॉगल लावलेले चेहरे.

फ्लेक्सवाला शिडीजवळ फोन धरून उभा होता, शेजारी दुर्बीणवाला. दादानं बघितल्याशिवाय फ्लेक्सचा फोटो कुठंही टाकायचा नाही, असं फ्लेक्सवाल्यानं ठरवलं होतं, हे नशीब.

"कसा झालाय, दादा?"

"मी लय गोरा आलोय. काढ खाली."

"आवं, आत्ताच लावलाय!"

"म्हणूनच आत्ताच काढ. आन् दुकानातल्या मशीनमधनंबी काढून टाक."

दुर्बीणवाल्याला राहवेना. "काढतो, दादा. पण जागा बरोबर हाय का, तेवढं सांगा की."

दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर म्हनलं तरी सांगितल्यागत, चूक म्हनलं तरी सांगितल्यागत. ऊस कवा तुटायचाय तुमचा?"

आम्ही चौघांनी मिळून तो उतरवला. घराकडं जाताना दादानं मला शांतपणे विचारलं, "कसं काढलंसा?"

मी सगळं सांगितलं. अंधाराचंही सांगितलं. फ्लेक्सवर तो रागावला नव्हता. पण आता त्याचा आवाज खाली आला.

"म्हंजी आईला अंधार पडला, एवढंबी सांगायचं न्हाई."

महिनाभर तो घरी होता. काकीला यातलं त्यानं काही कळू दिलं नाही. मला मात्र सुट्टी संपायचीच भीती वाटत होती. तो परत गेला आणि पहिला फोन आला, तेव्हा मी मुद्दाम काकीजवळ बसलो. जेवण झालं, थंडी झाली. मग काकीनं विचारलंच, "अंधार पडला का रं तिकडं?"

काकी फोन हलवून बघायला लागली.

मग दादा म्हणाला, "तुझा दिवा लागला का, आई?"

"न्हाई अजून. लावते की."

"लाव. मी थांबतो."

काकी उठली, काडी ओढली, परत येऊन बसली. "लावला बघ."

"मग हितंबी अंधार पडला."

त्या दिवसानंतर त्यानं दुसरं उत्तर कधी दिलं नाही. काकीला ते इतकं आवडलं की ती शेजारच्या बायकांना सांगायची, "माझं पोरगं एवढ्या लांबनं दिव्याची चौकशी करतंय." फोन कितीही उशिरा आला तरी दिवा लावायला ती त्याची वाट बघायची.

आता दादा निवृत्त होऊन घरी आलाय. तो फ्लेक्स गोठ्याच्या छपरावर आहे. दादानंच तो छापलेली बाजू आत करून बांधलाय. म्हैस मान वर करते तेव्हा तळाचं नाव तिच्या बरोबर समोर येतं.

परवा आम्ही अंगणात बसलो होतो. वरून मोठा आवाज गेला. मी सवयीनं फोन काढला. ॲपवर काहीच नव्हतं. मी दादाकडं पाहिलं. तोही आभाळाकडं बघत होता, आवाज संपेपर्यंत बघत होता. मी फोन खिशात ठेवला.

आतून काकीनं हाक मारली, "अंधार पडला का रं?"

दादानं पश्चिमेला पाहिलं. उसाच्या शेंड्यावर ऊन होतं.

"दिवा लाव, आई," तो म्हणाला, "आलोच."