ब्राउझरला तोरण

“मजकूर कुठंय? अगं, मजकुराला जागा तरी कुठं ठेवलीस?”

दादा ओरडत होता. असा, की खालच्या कापडदुकानातल्या गिऱ्हाइकानं पसंत केलेलं लुगडं परत घडी घालून दिलं असेल. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिसगावात आमचा कंप्युटर क्लास होता, माझ्या थोरल्या भावाचा आणि माझा. तो पोरांना शिकवायचा, मी पोरींना. इंटरनेट असलेला कंप्युटर एकच. त्याचा मोडेम नगरचा नंबर लावताना अशा आरोळ्या ठोकायचा की बाजारच्या दिवशी बैल दावी तोडायचे.

आणि आज त्याच कंप्युटरपुढं दादाचं लग्न ठरणार होतं, नाहीतर मोडणार होतं. मुलीचे वडील पाथर्डीकडून येणार होते. मुलगा त्या मशीनवर काय करतो ते डोळ्यांनी बघतो, मग बोलू, असा त्यांचा निरोप होता. आधीचं एक स्थळ ‘म्हणजे टायपिस्टच की’ म्हणून चहा न पिताच परत गेलेलं.

आता मला सांगा, पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर सजवतो की नाही? मी जिन्यात रांगोळी काढली. मॉनिटरला क्रोशाचं झाकण घातलं, खालच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं. राहता राहिला ब्राउझर. तो बिचारा जन्माचा करडा, सुतकात बसल्यासारखा. कुठल्याशा मासिकाबरोबर एक फुकट सीडी आली होती, तिच्यात ब्राउझर नटवायचं सगळं सामान निघालं. पोरींनी ठिपक्याला ठिपका लावून झेंडूचं तोरण रंगवलं, मी ते बटणांच्या पट्टीमागं बसवलं. मग कुणाचाच हात आवरेना. एकीला राशिभविष्याची पट्टी पाहिजे, दुसरीला हवामानाची, तिसरीला काही नको, नुसती गुलाबी पाहिजे. माऊसच्या बाणाचा मोर केला, पिसारा फुलवलेला. पट्ट्यांवर पट्ट्या उतरत खाली आल्या आणि तळाशी दाराखालून मांजर शिरेल एवढी फट उरली. त्या फटीतून जे दिसेल ते इंटरनेट. आम्ही तर खूश होतो. मजकूर काय, सगळ्यांच्याच कंप्युटरवर दिसतो.

“काढ ते सगळं,” दादा म्हणाला.

“काढते की. फक्त पोरींना तू सांग.”

पोरी दारातच उभ्या होत्या, ठेवणीतले ड्रेस घालून. दादानं तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यातून आमच्या मामांचा आवाज आला. हे स्थळ त्यांनीच आणलेलं.

“या पाव्हणं, वाकून या. चौकट खाली हाय.”

आधी मिशा आत आल्या, मग मागून पाहुणे. खुर्चीत बसले, हळदकुंकू बघून कंप्युटरला हात जोडले आणि म्हणाले, “आजचा पेपर दिसतो म्हनं ह्यात. आमच्याकडं येष्टी येस्तोवर दुपार हुती.”

दादानं पेपर लावला. पान उतरेपर्यंत दोन वेळा चहा झाला. शेवटी फटीत एक मथळा उगवला, तोही कमरेपर्यंतच. पाहुणे वाकले, तिरके झाले, चष्मा काढून पुन्हा घातला.

“खाली काय हाय?”

दादानं मजकूर वर सरकवला. मोर अक्षरांवर जाऊन बसला.

“हाकला की त्याला,” पाहुणे म्हणाले. “आन ह्या झालरी निघत न्हाईत का?”

“निघतात ना,” म्हणत दादानं मोर तोरणावर नेला. एक टिचकी मारली असती तर पडदा स्वच्छ आणि लग्न पक्कं. दारातली सगळ्यांत धीट पोरगी म्हणाली, “सर, फुलं आमी रंगवल्यात. येकयेक.”

मी फक्त दादाकडं बघितलं. माझ्या अशा बघण्यानं एकदा विहिरीवरची मोटार बंद पडली होती.

त्यानं हात मागं घेतला. “राहू द्या. मी वाचून दाखवतो.”

आणि त्या फटीला नाक लावून एकेक ओळ वाचत सुटला. राजकारण, चोऱ्या, निधनवार्ता, काही सोडलं नाही. मोर आडवा आला की थांबायचा, मोर उठला की पुढं. तेवढ्या वेळात उभी बाजरी कापणीला आली असती. पाहुणे डोळे मिटून बसले होते. मला तर ते घोरल्यासारखेही वाटले. वाचून संपलं तसे उठले, “येतो,” एवढंच म्हणाले आणि जिना उतरले. मामा त्यांना एस्टीत बसवून द्यायला गेले.

दादा माझ्याकडं पाठ करून मोडेम पुसत बसला. मोडेमवरची धूळ केव्हाच संपली होती, तो आता रंग काढत होता. पोरी कुजबुजत घरी गेल्या. मीही गुपचूप रांगोळीचा डबा आत ठेवला.

मामा परत आले, तांब्याभर पाणी प्याले, मिशी पुसली.

“काय म्हणाले?” दादानं मान न वळवता विचारलं.

“मी इचारलं त्यास्नी, कंप्युटर कसा वाटला म्हनून.”

“मग?”

“म्हनले, कंप्युटरमधलं मला काय कळतंय? पोरगं बायांचं ऐकून घेतंय का, तेवढं बघाय आल्तो.”