गावाच्या नावाचा इंडेक्स

खलीलसर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहीत आणि लगेच चालवत नसत. डेटाबेस माहिती कुठल्या वाटेनं शोधणार आहे, त्याचा प्लॅन आधी मागवत आणि चष्मा कपाळावर सरकवून तो वाचत बसत. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम ते बघत, आणि यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची. ते शांतपणे म्हणत, "चालायलंय म्हणजे नीट चालायलंय असं नसतंय, बाई."

माहितीच्या तक्त्याला, म्हणजे टेबलाला, पुस्तकामागच्या सूचीसारखा योग्य इंडेक्स नसला की डेटाबेस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं चाळत जातो. प्लॅनमध्ये तसं दिसलं की सरांना जेवण गोड लागत नसे. मला ते जरा अतीच वाटे.

एका दुपारी जमीन हादरली. धक्का लहान होता, पण लातूरला लहानही पुरतो. हॉस्टेलांतली मुलं मैदानावर पळाली आणि वॉर्डन मोबाइलवर त्यांची हजेरी भरू लागले. मुलांकडे फोन नसत, म्हणून किनवट, उमरीकडचे आईबाप ऑफिसात फोन करू लागले. इंडेक्स होता रोल नंबरवर, आणि घाबरलेल्या माणसाला कुठला रोल नंबर आठवायला? जो तो गाव सांगे, मग मुलाचं नाव. सगळ्या वर्षांची हजेरी एकाच टेबलात, त्यामुळे शोध सुरू केला की स्क्रीनवर चक्र नुसतं फिरत राही.

ऑफिसातले सगळे धक्क्यासरशी बाहेर पळाले होते, सर मात्र उठले नाहीत, फोन घेत तिथंच बसले. मी दारात उभी राहून हाका मारत होते. त्यांनी कीबोर्डवर पडलेला भिंतीचा पोपडा झटकला, प्लॅन पाहिला, गाव आणि तारखेवर इंडेक्स टाकला, पुन्हा प्लॅन पाहिला. मग उत्तरं भराभर येऊ लागली. मी आत येऊन फोन घेऊ लागले. धर्माबादच्या एका बाईंना त्यांची मुलगी मैदानावर आहे असं सांगितलं, तर त्या रडू लागल्या. मी पुढचा फोन घेतला.

फोन जरा थांबले तेव्हा मी सरांना म्हटलं, छत पडलं असतं तर?

स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले, "मोठ्या भूकंपात बहीण गेली माझी. गणपती बुडवून मैत्रिणीकडं निजली होती. कोणत्या मैत्रिणीकडं, ते आम्हाला म्हाईत न्हाई. मग गल्लीच्या ह्या टोकापासून एकेक घर उकरत गेलो. शेवटच्या घरात घावली. अंग अजून गरमच होतं."

फोन वाजला. सरांनी तो उचलला आणि विचारलं, "गाव कोणतं?"