वास गेला तेव्हा

डोंगरावरची पानं लाल झाली की ती बघायला पर्यटक लोटतात आणि आमच्या सहल कंपनीच्या ऑफिसातल्या लोकांची डोकी फिरतात. साडेसातला बस सुटली पाहिजे, तळं, ज्वालामुखीचं तोंड, गरम पाण्याचे झरे उरकून पाचला परत. पाच मिनिटं उशीर झाला की बोंबाबोंब. एकोणीस वर्षं मी ही बस चालवतोय, आणि तितकीच वर्षं आमची गाइड तोमिए इस्शिकी पांढरे हातमोजे घालून माइक धरून माझ्या शेजारी उभी राहिली.

बाई तोंडाची फटकळ. "आजोबा, डोंगर बाहेर आहे, फोनमध्ये काय शोधताय?" असं सरळ विचारायची. लोक हसायचे, कुणी तक्रारही करायचे. यंदा नवे व्यवस्थापक होसाका शहरातून आले. त्यांनी एका गोड गळ्याच्या मुलीकडून सगळी माहिती रेकॉर्ड करून घेतली आणि तोमिएला बजावलं, "अजून एक तक्रार आली, की माइक खाली ठेवायचा."

त्या दिवशी वारा पडला होता, ढग अगदी खाली उतरले होते. पिवळ्या दरीजवळ फोटोसाठी दहा मिनिटं थांबायचं असतं. घाट चढताना सडक्या अंड्यांचा वास बसभर भरला, सगळ्यांचे रुमाल नाकाला. शेवटच्या वळणावर वास एकदम नाहीसा झाला.

पुढच्या सीटवरचे एक निवृत्त मुख्याध्यापक खूश झाले. "चला, वास गेला! आता उतरू."

तोमिएचा चेहरा पांढराफटक पडला. "कुवाबारा, थांबू नकोस! खिडक्या लावा सगळ्यांनी!"

मी थांबलो नाही. तिचा बाप याच डोंगरावर गंधकाच्या खाणीत होता. वास येतोय तोवर ठीक, विषारी वायू वाढला की आधी नाक मरतं, वासच येईनासा होतो, हे त्याने तिला शिकवलं होतं आणि तिने मला शंभरदा ऐकवलं होतं. तिने माइकवरूनही तेच सांगितलं.

"खाणीतल्या गप्पा नकोत," मुख्याध्यापक भडकले. "छापील पत्रकात दहा मिनिटं लिहिलीयत!"

पाचला होसाका हजर होते. रस्त्यातूनच तक्रार पोचली होती. त्यांनी तोमिएला बसच्या दाराशी उभं केलं आणि उतरणाऱ्या एकेचाळीस जणांपुढे एकेचाळीस वेळा कमरेत वाकायला लावलं. जिच्यामुळे ते धडधाकट घरी चालले होते तिला! माझं रक्त उकळत होतं, आणि मी स्टिअरिंग धरून बसून होतो.

लोक गेल्यावर होसाकांनी मला खाली बोलावलं. "दरीपाशी वास होता? हो की नाही, एवढंच सांगा."

"नव्हता."

"ऐकलंत, इस्शिकीबाई? धोका नव्हताच."

तोमिए माझ्याकडे बघत राहिली. म्हणूनच धोका होता साहेब, एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि होसाका वहीत काहीतरी लिहीत होते. मी गिळलं. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. माझा तर त्याहून जास्त.

तोमिएने हातमोजे काढले, घडी करून माझ्या सीटवर ठेवले.

"खोटं काही बोलला नाहीस," ती म्हणाली, आणि गेली.