'कोण आहे?' आता वाजणार नाही

श्री. भालचंद्र रिसबूड यांची आणि माझी पहिली भेट एका गॅरेजच्या अर्धवट उघड्या शटरखालून झाली. आम्ही ऑस्ट्रेलियातल्या क्रेगीबर्नमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. संध्याकाळची वेळ, लेक प्रॅममध्ये, आणि तिने पायातले बूट काढून रस्त्यावर फेकायचा सपाटा लावलेला. मी तिला चढ्या आवाजात मराठीतून झापत होते. समोरच्या गॅरेजातून मघापासून सॅक्सोफोन ऐकू येत होता. तो थांबला आणि आतून खणखणीत आवाज आला, "कोण आहे?" परक्या देशात, अनोळखी घरातून, इतकं घरगुती मराठी! मी गोंधळून म्हटलं, "आम्हीच." आत कोणीतरी मोठ्याने हसलं आणि शटर वर गेलं. लेंगा-बनियनमधले, गळ्यात सॅक्सोफोन अडकवलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ समोर उभे होते. "बरोबर उत्तर दिलंस," ते म्हणाले. "आत ये. आणि ते शटर खाली ओढ, शेजारीण कटकट करते."

त्या "आम्हीच"वर रिसबूडकाका इतके का हसले, ते मला पुढे कळलं. 'कोण आहे?' हे त्यांच्या बॅंडचं, प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी वाजणारं गाणं. गेल्या महिन्यात या स्मरणिकेचे संपादक प्रसाद यांचा फोन आला. "मृणाल, काकांची पंच्याहत्तरी आहे, जरा पॉझिटिव्ह लिही. दोन-चार किस्से, शेवटी शुभेच्छा. आणि फंक्शनचा शेवट 'कोण आहे?'ने करतोय, तेही लेखात टाक. नो वरीज ना?" मी त्यांना काहीच बोलले नाही. आता लेखातच सांगते, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल. सत्काराच्या दिवशी 'कोण आहे?' वाजणार नाही. ते यापुढे कुठेच वाजणार नाही. का, ते सांगायचं तर काका कोण आहेत तिथपासून सुरुवात करायला हवी.

काकांचे वडील गणिताचे मास्तर. नोकरीनिमित्त ते कुटुंबासह लागोसला गेले तेव्हा काका चौदा वर्षांचे होते. तिथे तेव्हा अफ्रोबीट नावाचं संगीत नुकतं कुठे आकाराला येत होतं. खाली न थांबणारा ठेका, त्यात एकमेकांत अडकवलेल्या गिटारींच्या छोट्या छोट्या ओळी, वर पितळी वाद्यांचा कल्लोळ, मध्येच गायकाने घातलेली हाक आणि बाकीच्यांनी दिलेलं उत्तर. एक गाणं वीस-पंचवीस मिनिटं सहज चालतं. मास्तरांच्या मुलाने इंजिनियर व्हावं असं ठरलेलं होतं. मुलगा मात्र एका म्हाताऱ्या बॅंडमास्तरांकडे सॅक्सोफोन शिकायला जाऊ लागला आणि हाताबाहेर गेला, तो कायमचाच. वडील त्यांच्याशी पुढची कित्येक वर्षं बोलले नाहीत. ऑस्ट्रेलियात आल्यावर काकांनी निवृत्त होईपर्यंत कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवली आणि दर शनिवारी बॅंड चालवला. यातलं पोटापाण्याचं कोणतं आणि आयुष्य कोणतं, याबद्दल त्यांच्या मनात कधीच गोंधळ नव्हता.

त्या म्हाताऱ्या बॅंडमास्तरांची एक रीत होती आणि काकांनी ती जन्मभर सांभाळली. गाणं रेकॉर्ड होईपर्यंत ते लोकांसमोर हवं तितकं वाजवायचं, वाढवायचं, बदलायचं. पण एकदा रेकॉर्ड झालं की पुन्हा स्टेजवर आणायचं नाही. ते पोचवून झालं. आता नवीन रचा. आपल्याच मंडळाच्या एका दिवाळीत याच रीतीवरून चांगली वादावादी झाली होती. पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठांनी काकांच्या जुन्या अल्बममधल्या गाण्याची फर्माईश केली. काकांनी नम्रपणे हात जोडले, "ते आता तुमच्या घरी आहे, माझ्याकडे नाही." ज्येष्ठ रुसले, कार्यकर्ते धावपळ करू लागले, कोणीतरी माइकवरून "प्लीज काका, वन्स मोअर" सुद्धा म्हणून पाहिलं. काकांनी त्याऐवजी एक कोरं करकरीत गाणं वाजवलं. पाऊण तास. जेवणं गार झाली. मंडळाने पुढची दोन वर्षं त्यांना बोलावलं नाही आणि काकांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

मला संगीताचा गंध नव्हता. शाळेत गाण्याच्या बाईंनी मला कायम श्रोत्यांत बसवलं. काकांनी मात्र दुसऱ्याच भेटीत माझ्या हातात शेकेरे दिलं. शेकेरे म्हणजे वाळवलेला भोपळा आणि त्यावर मण्यांची जाळी. ठेक्याचं एवढंएवढंसं वळण दाखवून म्हणाले, "हे वाजव. थांबायचं नाही आणि बदलायचं नाही." मी विचारलं, "कंटाळा आला तर?" "तर समज, तू बाकीच्यांचं ऐकत नाहीयेस." ऑफिसात दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या बाईला हे सोपं नव्हतं. हात दुखायचे, मन दहा ठिकाणी भटकायचं. पण एका शनिवारी आपला छोटा खुळखुळाट बॅंडमधल्या क्वामेच्या बेस गिटारच्या बरोब्बर मध्ये जाऊन बसतोय हे मला जाणवलं आणि मी तिथेच रडायला लागले. काकांनी नुसतं पाहिलं. मी वाजवणं थांबवलं असतं तर ओरडले असते.

त्यांच्या मायेबद्दल एकच सांगते. कोरोनात सीमा बंद असताना पुण्यात माझी आई गेली. जाता आलं नाही. फोनवर अंत्यदर्शन घेतलं आणि दुपारी ऑफिसच्या मीटिंगला बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. संध्याकाळी काकांचा फोन आला. "काही बोलू नकोस. फोन ओट्यावर ठेव आणि तुझं काम कर." पलीकडून त्यांचा रियाज सुरू झाला. एकच सूर, छाती भरून घेतलेला, सरळ, लांबच लांब. मग पुन्हा तोच. मी कणीक मळली, पोळ्या केल्या, भांडी घासली. ते पुढे रोजच तसं करत राहिले, मी एकदा आपणहून "काका, आज नको, आज बरी आहे" म्हणेपर्यंत. त्या लांब सुराला धरून मी ते दिवस काढले. आज तो सूर काकांकडे नाही.

त्यांची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. यावर औषध नाही, वेग थोडा कमी करता येतो इतकंच, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. स्मरणिकेत हे छापायचं नसतं, मला माहीत आहे. मी काकांना विचारलं होतं, काय लिहू? ते म्हणाले, "खोटं गोड लिहू नकोस. मला वाचायला लागतं."

आता 'कोण आहे?'विषयी. काका आणि त्यांच्या पत्नी सुधाताई इथे आले तेव्हा भाड्याच्या घरात राहत. ओळखपाळख नाही, महिनोन्‌महिने दारावर कोणी थाप मारत नसे. तेव्हा कारखान्यातून आल्यावर काका मुद्दामच आपल्याच दारावर थाप मारून मोठ्याने विचारत, "कोण आहे?" आणि सुधाताई स्वयंपाकघरातून ओरडत, "आम्हीच!" दोघांचं घर, पण भरल्यासारखं वाटायचं. त्याचंच पुढे गाणं झालं. काका हाक घालत, सुधाताई माइकवर उत्तर देत. सुधाताई गेल्या, तेव्हा आता हे गाणं बंद होणार असं सगळ्यांना वाटलं. पुढच्याच कार्यक्रमात काकांनी हाक घातली आणि अख्ख्या हॉलने उत्तर दिलं. गोरे, काळे, आपले, सगळे. उच्चारांची पार वाट लागलेली, "आम्हिच्छ!" पण उत्तर मिळालं. गेली सहा वर्षं काका त्या उत्तरावर जगत आहेत, असं माझं मत आहे.

म्हणूनच या उन्हाळ्यात, रिहर्सल संपल्यावर काका खुर्चीत टेकत म्हणाले, "नवा अल्बम करायचा. या वेळी सगळी गाणी घ्यायची," तेव्हा गॅरेजात कोणी हललं नाही.

"ऑल ऑफ देम, अंकल?" क्वामेने विचारलं. तो घानाचा, काकांबरोबर सगळ्यात जुना.

"ऑल."

"देन व्हॉट डू वी प्ले?"

मी म्हटलं, "काका, बाकी सगळी घ्या. 'कोण आहे?' तेवढं राहू दे."

"का?"

"ते घेतलंत की परत कधी हाक घालता येणार नाही. मग तुम्हाला उत्तर कोण देणार?"

ते बराच वेळ दम खात बसले. मग म्हणाले, "मी गेल्यावर तुम्ही काय कराल, मला ठाऊक आहे. दरवर्षी हॉल बुक कराल. फोटोला हार घालाल आणि हे गाणं वाजवाल. रडत वाजवाल. हे रडत वाजवायचं गाणं नाही, मृणाल. त्यापेक्षा मीच पोचवून मोकळा होतो."

"इट्स योर रूल," क्वामे म्हणाला. "यू कॅन ब्रेक इट."

"नॉट माइन, मेट. आय जस्ट लुक आफ्टर इट."

मला त्या दिवशी काकांचा इतका राग आला की मी डबा तिथेच विसरून घरी आले. आजही तो राग पुरता गेलेला नाही. ज्या माणसाकडे मोजका श्वास उरला आहे, त्याने तो गाणी मिटवण्यात खर्च करावा?

पण त्यांनी केला. स्टुडिओ एका टायरच्या दुकानामागे आहे. काकांचा आग्रह ठरलेला: सगळे एकाच खोलीत, सगळं एका दमात, तुकडे जोडायचे नाहीत. त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र बाहेर पॅसेजमध्ये ठेवलं आणि लांब नळी आत घेतली. तरी त्याची घरघर शांत जागी ऐकू यायचीच. ध्वनिमुद्रण करणारी जॉर्जिया म्हणाली, मी ती नंतर पुसून टाकते. काका म्हणाले, "लीव्ह इट. इट्स इन द बॅंड नाउ." एका वेळी एकच गाणं जमायचं, मग त्यांना आठवडाभर झोपून राहावं लागायचं. एकेक गाणं झालं की आम्ही टाळ्या वाजवायचो आणि कार्यक्रमात वाजवायचं एक गाणं कमी व्हायचं.

शेवटी 'कोण आहे?' उरलं. काकांनी हाक घातली, आम्ही उत्तर दिलं. दुसरी हाक, दुसरं उत्तर. मग त्यांनी सॅक्सोफोन तोंडाला लावला. सुरुवात अशी झाली, की क्षणभर मला वाटलं डॉक्टर चुकले. आणि मग, ओळीच्या अगदी मध्यावर, सूर तुटला. काकांनी सॅक्सोफोन मांडीवर ठेवला आणि हातानेच खूण केली, चालू ठेवा. आम्ही चालू ठेवलं. ठेका, बेस, माझा भोपळा, सगळं जागच्या जागी, आणि मधली त्यांची जागा रिकामी. कितीतरी वेळ ती तशीच गेली. अखेर काकांनी मान वर केली. शेवटची हाक असते तिथे त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. मी समोरच होते, मी पाहिलं. माझ्याही गळ्यातून शब्द फुटला नाही. कोणाच्याच नाही. गाणं तसंच संपलं.

जॉर्जिया म्हणाली, रिहर्सलच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून सॅक्सोफोन घेऊन जागा भरता येईल. काकांनी मान हलवली, नको. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन वकिली केली. "काका, शेवटच्या हाकेला उत्तर नाही. म्हणजे गाणं पुरं झालेलं नाही. म्हणजे सत्काराला वाजवता येईल." काका हसले, मग खोकले, मग कितीतरी वेळ नुसते खोकलेच. "पुरं झालंय," ते म्हणाले. "ते तसंच पुरं व्हायचं होतं."

तेव्हा रसिकहो, सत्काराला आम्ही सगळे येऊ, वाद्यं आणणार नाही. काकांना शाल द्या, नारळ द्या, भाषणं आटोपशीर करा, त्यांना फार वेळ बसवत नाही. नवीन गाणं रचायला त्यांच्याकडे श्वास नाही आणि जुनं एकही त्यांनी शिल्लक ठेवलेलं नाही. अल्बम येईल तेव्हा घरोघरी ऐका. ती गाणी आता तुमच्याकडे आहेत.

राहिल्या शुभेच्छा. शंभर वर्षं जगा असं मी लिहिणार नाही, काका, तुम्ही ते खोट्यात धराल. पण एक मागणं आहे. हल्ली मी तुमच्या गॅरेजचं शटर वाजवते तेव्हा आतून आवाज येत नाही, नुसती यंत्राची घरघर ऐकू येते. तुम्ही दम राखून ठेवता, मला कळतं. मग मी कोणी न विचारताच "आम्हीच" म्हणते आणि शटर उचलते. रीत गाण्याची आहे, दाराची नाही. तुमची तब्येत इतकी तरी राहो, की एखाद्या शनिवारी मी शटर वाजवावं आणि तुम्ही आतून खणखणीत विचारावं. स्टुडिओत द्यायचं राहिलेलं उत्तर माझ्याकडे अजून तसंच आहे.