वाणाची रोपटी

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. सांगायला बसले की जीभ भलतंच बोलायला लागते — भाजीचे भाव, कुणाची लग्नं. आज तसं करणार नाही.

माझी धाकटी जाऊ, सुषमा, लग्न होऊन आली त्या वर्षीची गोष्ट. पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिनं छोट्या कुंड्यांतली सक्युलंट द्यायची ठरवली. गुबगुबीत पानांची ती झाडं तिनं एकेका पानापासून वाढवली होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवर नेऊन दाखवायच्या. माझ्या पहिल्या संक्रांतीला त्यांनीच बाजारातून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. मला विचारलं होतं कुणी? पण त्यात सुषमाचा काय दोष? काही नाही. तरी माझा जळफळाट झाला.

मग ती थंडी पडली. आमच्या वर्ध्यात कधी नव्हे ते पहाटे गच्चीवर दव गोठलं. पानं उकडल्यासारखी मऊ, पाणचट झाली. सुषमा रडत बसली नाही. कुंड्या उचलून छपरीत आणल्या, उन्हापासून दूर ठेवल्या. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करता येतं, तोवर सावरतील, म्हणाली. माहेरी केळझरला जाताना मला बजावून गेली, "ताई, पाणी टाकू नका बरं. मधातला कोंब हिरवा हाये. सडकं पान सुकू द्या, जगते ते."

जगतील, हे मलाही दिसत होतं. म्हणूनच तर —

मी पाणी घातलं. रोज, तांब्या भरभरून. विसरून नाही, मायेनंही नाही. सडावीत म्हणून. ती यायच्या आधी कुंड्या उन्हात ठेवून माती वाळवली — एवढी अक्कल होती मला.

ती परतली तेव्हा झाडं बुडाशी काळी पडली होती. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या हाताले गुणच नाई." मी शेजारीच उभी होते. वर तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ती माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या वाटल्या. त्या मीच निवडून आणल्या.

तो शिक्का तिच्यावर बसला तो बसलाच. दूध नासलं तरी तिचा हात, लोणच्याला बुरा आला तरी तिचा हात. आता तिलाही ते खरं वाटतं. परसात काही लावायचं झालं की बी माझ्या हातात देते.

"तुमीच लावा, ताई. माह्या हाताले यश नाई."

मी लावते. उगवतं.